मध्ये बरं वाटलेले दिवस

वहिनी, तुमच्या ओट्यावर बसून हे लिहितेय. तुम्ही गेलात त्याला आज एकोणीस दिवस झाले. समोर तुमच्या मोगऱ्याच्या ओळी आहेत, त्यांच्या पलीकडे बावखलाच्या तळ्याचं हिरवं पाणी, आणि त्याच्याही पलीकडे ती नवी सातमजली बिल्डिंग, जिच्या गॅलऱ्यांतले वाळत घातलेले कपडे बघून तुम्ही रोज सकाळी न चुकता एक शिवी हासडायचात. सगळं जागच्या जागी आहे. मी मात्र घाबरलेय. उजव्या हाताने लिहितेय आणि डावा हात मधून मधून उचलून बघतेय, दुखतोय का. आत्ता दुखत नाहीये. पण दुखत नाहीये याचीच मला जास्त भीती वाटते, आणि ती का वाटते हे सांगायलाच लिहायला बसलेय.

लोक तुमच्याबद्दल फार चांगलं बोलतात हल्ली. तेराव्याला किती माणसं आली होती! आपल्या उमेळ्यातली जुनी घरं तर आलीच, पण बिल्डिंगमधल्या, ज्यांची नावंही आम्हाला ठाऊक नाहीत अशा बायाही आल्या. "काकींच्या हाताला गुण होता हो," असं एकेक जण म्हणत होती. मी मान डोलवत होते. खरं तर मला सांगायचं होतं, बायांनो, हाताला गुण असेल नसेल, त्यांच्या तोंडाला धाक होता. ओव्याची पुरचुंडी हातात द्यायच्या आधी तुम्ही बोट दाखवून बजावायचात, "घरचं औषध तीन दिवस. चौथ्या दिवशी माझ्या दारात यायचं नाही, डॉक्टरच्या दारात जायचं." चौथ्या दिवशी कुणी आलंच तर ओट्यावर टेकूसुद्धा द्यायचा नाहीत. त्या फुलवालीच्या सुनेला तर तुम्ही अंगणातूनच परत पाठवलं होतं, ती रडत होती तरी. तिला पुढे न्यूमोनिया निघाला. वाचली.

मी कराडकडची. महेशशी लग्न करून या घरात धाकटी जाऊ म्हणून आले, तेव्हा तुमच्या घरातली बोली निम्मी माझ्या डोक्यावरून जायची आणि उरलेल्या निम्म्याचा मी भलताच अर्थ लावायचे. आल्या आठवड्यातच मला पडसं झालं. तुम्ही तव्यावर ओवा भाजलात, फडक्यात बांधलात आणि माझ्या नाकाशी धरलात. मी फार्मसीचा डिप्लोमा केलेली बाई, नवी नवरी, नाक वर करून म्हटलं, "वहिनी, माझ्याकडे गोळी आहे." तुम्ही शांतपणे म्हणालात, "असू दे गो. गोळी पर्समधे र्‍हाऊ दे आणि ओवा नाकाला." तासाभराने नाक मोकळं झालं. मी कबूल मात्र केलं नाही. गोळी घेतली होती म्हणून थाप मारली, आणि तुम्हाला ती कळली होती, कारण गोळ्यांची पर्स तुमच्याच कपाटात होती.

पुढे आम्ही स्टेशनच्या पश्चिमेला फ्लॅट घेतला आणि मी नालासोपाऱ्याला मेडिकलच्या दुकानात लागले. तेव्हापासून आपलं भांडण जे सुरू झालं ते अठरा वर्षं चाललं. दर रविवारी मी इथे यायचे, आणि तुम्ही विचारायचात, "काय मेडिकलवाली, या आठवड्यात किती जणांना गोळ्या चारल्यास?" मी म्हणायचे, "तुम्ही किती जणांना चुना लावलात?" दादा आतून ओरडायचे, "अरे, चहा तरी पिऊ द्या एकमेकींना!" दादा म्हणजे माझे थोरले दीर, तुमचे यजमान. त्यांनी आयुष्यात आपल्या भांडणात कुणाचीच बाजू घेतली नाही, इतका हुशार माणूस.

पण माझ्या दुकानात येऊन बघितलं असतंत तर तुम्हाला हसू आलं असतं. साधा घसा धरलेला माणूस आला की मी आधी विचारते, "मिठाच्या गुळण्या केल्या का?" झोप येत नाही म्हणून गोळी मागणाऱ्या बाईला मी सांगते की संध्याकाळी पाच नंतर चहा बंद करा, तळपायाला तूप लावून काशाची वाटी फिरवा, मग बघू. मालक डोळे वटारून बघतो. हे सगळं तुमचं आहे. तुमच्या तोंडावर मात्र हे मी एकदाही बोलले नाही. बोलले असते तर तुम्ही वर्षभर चिडवलं असतंत, म्हणून.

आणि ते दुसरंही कधी बोलले नाही. तन्वीच्या जन्माआधी दोनदा माझी पाळी चुकली आणि दोन्ही वेळा गर्भ टिकला नाही. दुसऱ्या वेळेनंतर मला ते सुरू झालं होतं. भर दुपारी भाजी चिरता चिरता छाती धडधडायची, हातपाय गार पडायचे, वाटायचं आता मी मरणार. डॉक्टरांनी सगळं तपासलं, शरीरात काही नाही म्हणाले, घाबरण्याचे झटके आहेत म्हणाले, गोळ्या दिल्या. तुम्ही गोळ्या बंद करा म्हणाला नाहीत. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण लोकांना वाटतं तुम्ही गोळ्यांच्या विरुद्ध होतात. तुम्ही फक्त मला महिनाभर इथे ठेवून घेतलंत. रोज संध्याकाळी बावखलाच्या काठाला दगडावर बसवायचात आणि म्हणायचात, "बशीतला चहा कसा फुंकतेस? तसा श्वास सोड. घाई नको. चहा सांडेल." मी फुंकायचे. तुम्ही शेजारी बसून तुमची फुलं निवडायचात, माझ्याकडे बघायचाही नाहीत. वीस-पंचवीस श्वासांनी छाती हलकी व्हायची. एकदा मी विचारलं, "वहिनी, अशाने बरं होतं का खरंच?" तुम्ही म्हणालात, "मन निवलं की निम्मं दुखणं जातं." "आणि उरलेलं निम्मं?" "ते तुझ्या दुकानात जातं." दोघी हसलो होतो. त्या महिन्याने मला परत माणसात आणलं, वहिनी. तन्वी आज चौदाची आहे ती तुमच्यामुळे आहे, असं मी मानते.

आता ते लिहिते, जे एकोणीस दिवस लिहायचं टाळतेय.

तुम्ही गेलात त्याच्या अकरा दिवस आधी मी अळूची पानं न्यायला आले होते. तुम्ही न्हाणीघराच्या दाराशी उभ्या होतात आणि मूठ छातीच्या मधोमध दाबून धरली होती. मी म्हटलं, "काय होतंय?" तुम्ही म्हणालात, "काय नाय गो. गॅस धरलाय. काल वालाची उसळ चापली ना." बोलताना हसलातही. पण तुमच्या वरच्या ओठावर घाम होता. डिसेंबरसारखी सकाळ, अंगावर शाल, आणि ओठावर घाम. मी तो बघितला. मला त्याचा अर्थ माहीत होता. काउंटरवर उभं राहून मी कितीतरी लोकांना दम भरलाय, की छातीत दुखतंय आणि घाम येतोय तर माझ्याकडे काय मागताय, सरळ हॉस्पिटल गाठा.

"वहिनी, चला, इसीजी काढून येऊ."

"आली मोठी डॉक्टरीण. बस खाली."

"दादांना सांगते मी."

तेव्हा तुम्ही माझा हात धरलात आणि ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवलात. "माझी शपथ आहे. यांना कळू द्यायचं नाही. प्रेशरचा माणूस आहे, हाय खाईल. ओव्याचं पाणी घेतलंय, शेक घेते. आज पहिला दिवस. तीन दिवस बघू, नाही थांबलं तर तू नेशील तिथे येते."

तुमचाच नियम होता. कधी चुकलेला नव्हता. मी मान डोलावली. एवढंच नाही, दुसऱ्या दिवशी दुकानातून ॲसिडिटीच्या औषधाची गुलाबी बाटलीही घेऊन आले. तुमचा ओवा आणि माझी बाटली, अठरा वर्षांत पहिल्यांदाच एका बाजूला आले. तुम्ही दोन चमचे घेतलंत आणि म्हणालात, "बरं वाटलं गो. तुझ्या दुकानात एक तरी चांगली वस्तू आहे." मला किती आनंद झाला होता, काय सांगू.

तिसऱ्या दिवशी फोन केला तर म्हणालात, "गेलं. एकदम मस्त. आज वाडीत मोगऱ्याला पाणी सोडलं." पाचव्या दिवशी तुमचा आवाज दमलेला वाटला. "परत आलंय का?" "हो, थोडंसं." "वहिनी, आज पाचवा दिवस आहे." तुम्ही चिडलात. "पाचवा कसला? मध्ये बरं नव्हतं का वाटलं? ते गेलं होतं. हे नवं आहे. आज पहिला."

आणि मी ऐकून घेतलं. बाकी सगळ्या जगाला तुम्ही दुखणं सुरू झालं त्या दिवसापासून मोजायला लावायचात. स्वतःला मात्र मध्ये एक दिवस बरा गेला की परत पहिल्यापासून. अकरा दिवसांत तुम्ही तीनदा पहिला दिवस मोजलात, आणि तिन्ही वेळा मी फोनवर "बरं" म्हटलं. मला तुमचं पटलं होतं असं नाही. पटवून घ्यायला मला बरं वाटत होतं. तुम्हाला काही होऊ शकतं हे मला माहीत करून घ्यायचंच नव्हतं.

त्या सकाळी तुम्ही कळ्या खुडत होतात. नऊ वाजले असतील. दादांना तुम्ही वाफ्याच्या कडेला बसलेल्या दिसलात, टोपली मांडीवर. त्यांनी हाक मारली, तुम्ही वर बघितलंत, आणि आडव्या झालात. रिक्षात घातलं. हॉस्पिटलच्या फाटकापर्यंतसुद्धा पोचला नाहीत. मी तेव्हा कुणाला तरी बी-कॉम्प्लेक्सचं पाकीट देत होते. महेशचा फोन आला. त्याने सांगितलं आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं असेल? "दादांना माहीत होतं का?" तो म्हणाला, "काय माहीत होतं? काय बोलतेयस तू?" मी म्हटलं, "काही नाही."

त्या "काही नाही" पाशी माझी भीती सुरू झाली. दादा उद्या विचारतील, "आधी काही त्रास होता का तिला? तुला काही बोलली होती?" आणि मी काय सांगू? मी औषधाच्या दुकानात काम करते, मला घाम दिसला होता, मी बाटली आणून दिली. तुमच्या कपाळावर कुंकू लावताना ते पसरलं, मी पुसून परत लावलं. बायका म्हणाल्या, किती जीव होता बघ जावेवर. मला वाटत होतं, आता कुणीतरी म्हणेल, हिला ठाऊक होतं.

कुणी म्हणालं नाही. दादांनीही काही विचारलं नाही. ते माझ्याकडे बघतही नव्हते. मी स्वयंपाकघरात गेले की ते वाडीत जायचे, मी वाडीत आले की ते आत. मी धरून चालले, की यांना संशय आलाय.

तुम्ही गेल्यानंतर पाचव्या दिवशी मला दुखलं. छातीच्या मधोमध, कुणीतरी पाटा ठेवल्यासारखं, आणि तिथून डाव्या खांद्यापर्यंत. घरी मी एकटी होते. मी काय केलं असेल? ओव्याचं पाणी प्यायले. खाली बसले आणि बशीतला चहा फुंकायला लागले. वीस-पंचवीस श्वासांनी गेलं. म्हटलं, बघ, हे तेच आहे, तेव्हाचं घाबरणं. वहिनी गेल्या म्हणून परत आलंय. होईल शांत.

शांत झालं. दोन दिवसांनी परत आलं. मग परत गेलं. मी तळपायाला तूप लावलं, जायफळ उगाळून घेतलं, पाचनंतरचा चहा बंद केला, सकाळी गच्चीवर जाऊन ओंकार म्हटला. तुम्ही शिकवलेलं एकही सोडलं नाही. आणि दर वेळी आराम पडायचा, वहिनी. हीच तर गंमत आहे, आणि हीच भीती. आराम पडला नसता तर मी उठून डॉक्टरकडे गेले असते. तुम्हालाही दर वेळी आराम पडत होता. मग हा आराम कसला? घाबरलेल्या मनाचा, की छातीतल्या कशाचा तरी? मी काउंटरवर उभी राहून लोकांच्या चिठ्ठ्या वाचायचे आणि आतल्या आत माझे ठोके मोजायचे. तन्वी शाळेतून आली की तिच्याकडे बघत उभी राहायचे. चौदा वर्षांची पोर, अजून वेणी मला घालायला लावते.

महेशला सांगावं असं रोज ठरवायचे. पण माझं दुखणं सांगायचं तर तो दादांना सांगणार, दादा म्हणणार, तिलाही असंच झालं असेल का गं, आणि मग माझं तोंड उघडणारच. म्हणून मी गप्प राहिले. माझी मीच समजूत घालत होते, आज पहिला दिवस आहे, तीन दिवस बघू.

काल सकाळी दुकानाला सुट्टी होती म्हणून मी इथे वाडीत आले होते. बिल्डिंगमधली पूजा आली, कडेवर तिचा दीड वर्षांचा मुलगा. पोरगं मान टाकून पडलं होतं. ती म्हणाली, "काकी तर नाहीत आता. तुम्ही सांगा ना ताई, याला लूज मोशन होतायत. पेज देऊ का डाळिंबाची साल? काकी काहीतरी द्यायच्या."

मी काय देऊ? मी विचारलं, "किती दिवस झाले?"

"आज पहिलाच. म्हणजे, मागे झाले होते, पण मध्ये दोन दिवस एकदम ओके होता."

वहिनी, मी तिच्यावर अशी ओरडले की बावखलावरचे बगळे उडाले. "मध्ये ओके होता ते मला सांगू नकोस! सुरू कधी झालं ते सांग! पहिल्यापासून मोज!" ती बिचारी दचकली. बोटांवर मोजायला लागली. "सहा," ती म्हणाली. "ताई, सहा दिवस झाले." मी पोराच्या ओठांना हात लावला. कोरडे. पोटाची चिमटी धरून सोडली, तर कातडी तशीच उभी राहिली. पूजाला म्हटलं, घरी जाऊ नकोस, पिशवी घेऊ नकोस, सरळ डॉक्टर. रिक्षा थांबवून तिला आत ढकललं मी. संध्याकाळी तिचा फोन आला, सलाईन लावलंय, बरा आहे.

पण रिक्षा गेली आणि मी इथेच, याच ओट्यावर बसले. माझी बोटं आपोआप मोजायला लागली. तुम्ही गेल्यानंतरचा पाचवा दिवस धरला एक. मध्ये बरे गेलेले धरले. चौदा निघाले. चौदा दिवस झाले होते आणि मी चौथ्यांदा पहिला दिवस मोजत होते.

दादा बावखलाशी मोटर लावत होते. मी तशीच गेले. म्हटलं, "दादा, मला काहीतरी सांगायचंय. वहिनींच्या छातीत अकरा दिवस दुखत होतं. मला माहीत होतं. त्यांनी शपथ घातली होती, पण मला माहीत होतं. मी ॲसिडिटीची बाटली आणून दिली."

त्यांनी मोटर बंद केली. मला वाटलं, आता हा माणूस मला म्हणणार, माझ्या घरात पाऊल टाकू नकोस. आणि मी तेही ऐकून घेतलं असतं.

ते म्हणाले, "मला पण माहीत होतं."

मला कळेचना.

"रोज सकाळी मी तिच्या पाठीला तेल चोळायचो. खांदा धरतोय म्हणायची. मला म्हणाली, नीताला कळू देऊ नका, ती मेडिकलवाली, उचलून मशीनला लावेल. माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून शपथ घातली तिने." दादांनी मोटरीची वायर गुंडाळायला घेतली. "मला वाटायचं, मी एकट्यानेच मारलं तिला. तुझ्याकडे बघायची हिंमत होत नव्हती. म्हटलं, ही विचारेल, तुम्हाला काही दिसलं नाही का."

आम्ही दोघं त्या काठावर बसून रडलो. दादांना मी आयुष्यात पहिल्यांदा रडताना बघितलं. आणि मग मला तुमचा असा राग आला, वहिनी! अहो, किती हुशारीने आम्हाला दोन खोल्यांत कोंडून ठेवलंत तुम्ही! मी दादांना सांगायचं नाही, दादांनी मला सांगायचं नाही, आणि दोघांनी नुसतं ओवा आणि तेल पुरवायचं. एकदा जरी आम्ही दोघं समोरासमोर बोललो असतो तर तुम्हाला उचलूनच नेलं असतं. नुसत्या गॅससाठी कुणी शपथ घालतं का हो? दोन-दोन माणसांना?

हे दादांसमोर मी मोठ्याने म्हणाले, आणि म्हणता म्हणता माझा राग गेला. कारण मला कळलं. तुम्हालाही ठाऊक होतं की तो गॅस नाही. तुम्ही घाबरला होतात. सगळ्या गावाची भीती फुंकून घालवणारी बाई अकरा दिवस मूठ छातीवर दाबून एकटी घाबरत होती, आणि आम्हाला वाटलं, वहिनींना कसली भीती. त्याबद्दल मला माफ करा. मी तुम्हाला एकदाही विचारलं नाही, भीती वाटतेय का. दुखतंय का, एवढंच विचारत राहिले.

दादांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं. मी नकळत डावा खांदा दाबत होते. "तुला पण?" ते म्हणाले. मी मान डोलावली. त्यांनी आत जाऊन सदरा घातला आणि कोपऱ्यावरून रिक्षा आणली.

डॉक्टरांच्या खोलीत दादा माझ्या मागे उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून दुखतंय?" आणि माझ्या जिभेवर "परवापासून" आलं होतं, खरं सांगते. इतकं सगळं होऊनही. मी थांबले. म्हटलं, "चौदा दिवस. मध्ये बरं वाटलं होतं, पण तेही धरून चौदा." मागे दादांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली, तिचा आवाज झाला.

इसीजी काढला. डॉक्टर म्हणाले, थोडा फरक दिसतोय. घाबरण्यामुळेही छातीत दुखतं, पण हे तेवढंच आहे असं मी म्हणणार नाही. जिभेखाली ठेवायची गोळी दिली, आज दुपारी चारला मोठी तपासणी ठेवली, आणि बजावलं की मध्ये परत दुखलं तर चार वाजायची वाट बघायची नाही, गोळी ठेवून तडक हॉस्पिटल. संध्याकाळी महेशला आणि तन्वीला सगळं सांगितलं, तुमचंही आणि माझंही. महेश डोकं धरून बसला. तन्वी माझ्या पोटाला मिठी मारून बसली ती उठेचना. मी तिला श्वास सोडायला शिकवलं, तसाच. शांत झाली. मग मी तिला बजावलं की याने शांत वाटतं, खूप छान वाटतं, रोज कर, पण माझ्या छातीचं काय झालंय ते याने कळत नाही. ती म्हणाली, "मला माहितेय मम्मी, मी काय लहान आहे?"

आज महेश अर्धा दिवस कामावर गेलाय, तन्वी शाळेत. मला एकटी ठेवायची नाही म्हणून दादांनी सकाळीच इथे आणून बसवलं. उन्हं बावखलावर आलीयेत. दादा तुमच्या वाफ्यात कळ्या खुडतायत. त्यांना जमत नाही, देठासकट ओरबाडतात, तुम्ही बघितलं असतंत तर टोपली हिसकावून घेतली असतीत. दर पाच-दहा मिनिटांनी ओळीतून मान वर काढून विचारतात, "नीता, दुखतंय का?" मी म्हणते, "नाही दादा." ते परत वाकतात.

मला फार भीती वाटतेय, वहिनी. चारला काय निघेल? तुमच्यासारखं होईल का, तन्वीचं काय होईल, महेशला साधा वरणभात येत नाही. श्वास सोडून बघितला. थोडं निवलं मन. ते निवणं मी आता औषध म्हणून घेत नाही, तुम्ही शेजारी बसलात असं समजून घेते.

हे लिहिता लिहिता मगाचपासून खांद्यात काहीतरी होतंय. आधी वाटलं, वाकून लिहिल्यामुळे असेल. आता छातीतही आहे. फार नाही. फुंकलं तर जाईल असं वाटतंय.

दादांनी आत्ताच परत विचारलं, "नीता, दुखतंय का गो?"

"दुखतंय, दादा," मी म्हटलं. "थोडंच. पण दुखतंय."

त्यांनी टोपली तिथेच टाकली. कळ्यांवरून धावत येतायत.